बारक्यासाठी केलेली प्रार्थना

मिस्त्रींच्या घरी सकाळचा चहा बायबलवाचन झाल्याशिवाय कपात पडत नसे. बायको आधण ठेवून टेबलाशी येऊन बसायची, मिस्त्री चष्मा पुसायचे, घसा साफ करायचे आणि मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, तक्त्यात त्या दिवसासाठी जो भाग दिलेला असेल तो वाचायला लागायचे. वाचून व्हायला फार वेळ लागत नसे. पण मग मिस्त्री तो भाग समजावून सांगायला घेत, आणि त्याला काही धरबंध नसे. तिकडे चहा उकळून उकळून काळाठिक्कर व्हायचा. बायको गमतीनं म्हणायची की लग्न झाल्यापासून या घरात मी चहा प्यायलेच नाही, काढाच प्यायले.

आवाज मात्र त्यांना देवानं छान दिला होता. भरदार, जरासा खर्जातला. मंडळीत ते वडील होते, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पाळकांच्या, खालोखाल त्यांचा मान. ते प्रार्थनेला उठले की लोक सावरून बसत. फर्निचरचा छोटा कारखाना होता, काम चोख होतं, आणि 'हा आमच्या प्रभूचाच धंदा' हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यानंतर घासाघीस करायला गिऱ्हाइकाची जीभ रेटायची नाही. त्यांनी कधी दारूला हात लावला नव्हता, कुणाला फसवलं नव्हतं, उपासना चुकवली नव्हती. हे सगळं अगदी खरं होतं. पंचाईत एवढीच, की ते त्यांनाही ठाऊक होतं.

बारक्या हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी हडकुळा होता म्हणून घरात हे नाव पडलं, आणि पुढे दारात वाकून शिरावं लागेल एवढा वाढला तरी ते सुटलं नाही. दारूपायी त्याची नोकरी गेली, संसार मोडला, आणि एक दिवस बहीण त्याला रस्त्यावरून उचलून घरी घेऊन आली. मिस्त्रींनी त्याला मागची खोली दिली, कारखान्यात काम दिलं. तेव्हापासून दीड वर्ष त्यानं दारूचा थेंब घेतला नव्हता. सिगारेट तेवढी सुटली नव्हती. ती तो फाटकाबाहेर गल्लीत उभं राहून ओढायचा. मिस्त्री ओळखीपाळखीच्या लोकांना सांगत, "हा आमचा मेहुणा. प्रभूनं याला चिखलातून वर काढलं." बोलताना त्यांचा हात बारक्याच्या खांद्यावर असायचा, त्यामुळे काढणारा नेमका कोण ते ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

बारक्या या सगळ्यावर काही बोलत नसे. सकाळी वाचनाला येऊन बसायचा. एकदाच त्यानं विचारलं होतं, येशूच्या शेजारी क्रुसावर जो चोर होता त्यानं तर आयुष्यात काहीच चांगलं केलं नव्हतं, मग त्याला कसं काय स्वर्गात घेतलं? मिस्त्रींना प्रश्न फार आवडला. चहाचं पार डांबर होईपर्यंत त्यांनी उत्तर दिलं. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही कमाई नाही, देणगी आहे, हे त्यांनी तीन-तीन उदाहरणं देऊन पटवलं. बारक्यानं शेवटी "हं" केलं आणि कामाला गेला.

कामाला तो चांगला होता. लाकूड घासणं, तेल देणं, पॉलिश करणं हे सगळं त्याच्याकडे. दिवसाच्या शेवटी तेलाच्या चिंध्या गोळा करून पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायच्या, हेही त्याचंच काम. जवसाच्या तेलानं माखलेल्या चिंध्या ढीग करून टाकल्या तर त्या आतून तापत जातात आणि काडी न लावता पेटतात. हे मिस्त्रींनीच त्याला पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं.

त्या सुमाराला मंडळीसाठी नवं पुलपीट, म्हणजे उपदेशाला उभं राहायचं लाकडी व्यासपीठ, करायचं ठरलं. मिस्त्रींनी ते आपल्या अंगावर घेतलं, वर लाकूडही माझंच म्हणाले. महिनाभर खपून त्यांनी ते केलं. कडेनं द्राक्षवेलीची पानं कोरली, आणि खाली, वाचता येतील अशा बेतानं, 'एका नम्र सेवकाची भेट' असे शब्द. नाव घातलं नाही. घालायची गरजही नव्हती.

शेवटचा तेलाचा हात द्यायचा राहिला होता तो बुधवार होता. बारक्या म्हणाला, मी देतो दाजी. मिस्त्रींनी त्याला पुलपिटाजवळ येऊ दिलं नाही. याला मीच हात लावणार, तू जाऊन त्या खुर्च्या पोचवून ये, म्हणाले. बारक्या टेम्पोत खुर्च्या घालून गेला. मिस्त्री दुपारभर एकटेच तेल चोळत राहिले, पुसत राहिले, लांब जाऊन पाहत राहिले. पाहता पाहता वेळेचं भान सुटलं. संध्याकाळी मंडळीत बायबलचा वर्ग असायचा आणि तो तेच घ्यायचे. उशिरा येणाऱ्यांना त्यांनी आदल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत सुनावलं होतं. घाईघाईनं त्यांनी आवरलं, हात धुतले, कुलूप घातलं आणि पळत सुटले.

वर्ग रंगात आला असताना कुणीतरी धापा टाकत आलं. मिस्त्रींचा कारखाना पेटला होता.

ते पोचले तेव्हा छपराचे पत्रे वाकून खाली आले होते आणि बंबवाले पाणी मारत होते. पुलपिटाचा कोळसा झाला होता. बारक्या गल्लीत भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. तो टेम्पो लावायला परत आला तेव्हा त्याला धूर दिसला. त्यानंच फोन केला, कुलूप तोडलं आणि थिनरचे डबे एकेक करून बाहेर ओढले. ते आत राहिले असते तर शेजारची लाँड्रीही गेली असती. पण लाँड्रीवाल्यानं त्या दुपारी, टेम्पो निघायच्या आधी, त्याला फाटकाशी सिगारेट ओढताना पाहिलं होतं. तेवढं पुरे झालं. विझेपर्यंत गल्लीभर झालं की बारक्याच्या सिगारेटनं आग लागली.

बारक्या उठून मिस्त्रींकडे आला. म्हणाला, "दाजी, मी आत सिगारेट नेली नाही. मी आलो तेव्हा धूर होताच."

मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुला काही विचारलं का? मी तुला माफ केलंय."

बारक्या त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग बहीण त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

रविवारी उपासनेला मंडळी गच्च भरली होती. पाळकांनी आगीची बातमी सांगितली, मिस्त्रींच्या धीराचं कौतुक केलं आणि त्यांनाच प्रार्थना करायला सांगितलं. मिस्त्री उठले. त्यांनी आधी आपल्याला राखल्याबद्दल देवाचे आभार मानले. मग त्यांचा आवाज खाली आला.

"प्रभू, आमच्यातल्या एका दुबळ्या भावाला मी तुझ्यापाशी आणतो. जुन्या सवयी सुटत नाहीत, बापा. एका ठिणगीनं तुझ्या घरासाठी केलेली वस्तू राख झाली. पण तू आम्हाला क्षमा करतोस, तशी मीही त्याला मनापासून क्षमा केली आहे."

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, तरी सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. बारक्या तिकडे बसला होता, हाताला पांढरंशुभ्र बँडेज. कुठेतरी हुंदका ऐकू आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दाराचा. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. आपला आवाज नेमक्या जागी कापला, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं होतं.

दुपारी बारक्या जेवायला आला नाही. संध्याकाळी बायकोनं मागची खोली उघडली तर त्याचे कपडे नव्हते. ती परत येऊन टेबलाशी बसली. मिस्त्री म्हणाले की त्याला अपमान वाटला असेल, पण मी तर त्याच्यासाठी देवाकडे मागितलं.

"अहो, तुम्ही देवाला सांगत नव्हता," ती म्हणाली. "मंडळीला सांगत होता."

त्यानंतर कामापुरतं बोलणं सोडलं तर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. मिस्त्रींनी ते तिच्या भावावरच्या मायेवर घातलं आणि तिच्यासाठीही प्रार्थना केली.

त्या आठवड्यात अग्निशमन दलाच्या एक अधिकारीबाई जळका कारखाना तपासायला आल्या. शांत होत्या. गमबूट घालून त्या राखेतून हिंडल्या, दारामागच्या कोपऱ्यात वाकून बराच वेळ उकरत बसल्या आणि मग हात झाडत मिस्त्रींकडे आल्या. आग इथून सुरू झाली, म्हणाल्या. सिगारेटचं काही दिसत नाही. तुम्ही तेलाच्या चिंध्या कुठे टाकता?

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मिस्त्रींना स्वतःचा हात दिसला. तेलानं निथळणाऱ्या चिंध्यांचा बोळा, पुलपिटाकडे एक शेवटची नजर, आणि घाईत दारामागच्या भुशावर तो बोळा भिरकावून देणारा त्यांचा स्वतःचा हात. तिथं आणखी कुणी नव्हतंच. बारक्याला त्यांनीच बाहेर पाठवलं होतं.

"चिंध्यांचं काम आमच्या मेहुण्याकडे असतं," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे त्या दिवशी त्यांनी टाकल्या?"

"तसंच असणार."

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मिस्त्री तिथंच उभे राहिले. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यात खोटं बोललो नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारा, आणि खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं होतं की जणू रोजचा सराव असावा. बाई निघून गेल्यावर त्यांनी तोंडावर पाणी मारलं. कान तापलेले होते ते काही थंड होईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनाला आलेला भाग त्यांना तोंडपाठ होता. मंदिरात दोन माणसं प्रार्थनेला जातात, एक कडवा धर्मनिष्ठ परुशी आणि एक लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. परुशी उभा राहून स्वतःची चांगली कामं मोजून दाखवतो, मी या जकातदारासारखा नाही म्हणून देवाचे आभार मानतो. जकातदार लांब उभा राहतो, मान वर करत नाही, छाती बडवून नुसती दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो. या भागावर मिस्त्री किती वेळा बोलले असतील त्याची गणती नव्हती. दरवेळी ते जकातदाराच्या बाजूला उभे राहून बोलायचे. आज वाचता वाचता परुशाचं वाक्य तोंडात आलं आणि ते त्यांना आपल्याच आवाजात ऐकू आलं. भरदार, जरासा खर्जातला.

त्यांनी भाग कसाबसा संपवला आणि पुस्तक मिटलं. बायको वाट पाहत बसली होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. मग ती उठली आणि चहा गाळून घेऊन आली. कितीतरी वर्षांनी त्या घरात चहाला चहाचा रंग होता. तिनं विचारलं, बरं नाही का? त्यांनी घशाचं कारण सांगितलं.

पुढचे काही दिवस ते स्वतःशी वकिली करत राहिले. घाई होती, आणि तीही देवाच्याच कामाची. मुद्दाम का कुणी केलं होतं? बारक्यालाही कामाची सवय लागायला हवीच होती, त्यानं परत येऊन पाहायला नको होतं का? एक ना दोन. मोरीत नळ सोडून त्यांनी देवापाशी चूक कबूल केली, पण बोलताना त्यांना वाटलं की आपण उशिरा दिलेल्या कपाटाबद्दल गिऱ्हाइकाची समजूत काढतोय. शब्द सगळे बरोबर होते आणि एकही खाली उतरत नव्हता. रस्त्यात मंडळीतलं कुणी भेटलं आणि मेहुण्याबद्दल हळहळलं की ते मान खाली घालत, आणि लोकांना ती त्यांची थोरवी वाटायची.

शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. अधिकारीबाईंना काय सांगितलं ते ऐकलं तेव्हा मात्र थांबले.

"त्याचा हात भाजला होता," ती म्हणाली. एवढंच.

मिस्त्री म्हणाले की मी सगळं नीट करीन.

"आधी त्याच्याकडे जा. मग कुठे जायचं तिथं जा."

ते हो म्हणाले. पण शुक्रवार गेला, शनिवार गेला. बारक्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो आणि गोदामात माल उतरवतो एवढं बायकोला कळलं होतं. मिस्त्री दोनदा त्या रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी स्वतःला पटवलं की पाप चारचौघांत झालं आहे, तेव्हा कबुलीही आधी चारचौघांतच हवी. शास्त्राला धरून होतं ते. फक्त खरं कारण ते नव्हतं. भरलेल्या मंडळीसमोर उभं राहायची त्यांना जन्माची सवय होती. एका खोलीत एका माणसासमोर उभं राहायची नव्हती.

रविवारी ते उभे राहिले आणि सगळं बोलले. चिंध्या, घाई, पुलपिटाचा गर्व, अधिकारीबाईंशी केलेला खोटेपणा. काही लपवलं नाही. सकाळी दाढी करताना आरशासमोर त्यांनी दोन-तीन वाक्यं म्हणून पाहिली होती, तीही बरोबर जागी आली. "परुशी मी होतो, आणि मी तुम्हाला परुशावर प्रवचनं देत होतो," असं ते म्हणाले तेव्हा समोरच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकांनी खाली येऊन त्यांना कवटाळलं. उपासना सुटल्यावर एक निवृत्त शिक्षिका त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या की इतकं नम्र मन देवानं आम्हा सगळ्यांना द्यावं.

मिस्त्री घराकडे निघाले तेव्हा त्यांना पिसासारखं हलकं वाटत होतं. बायको पुढे चालत होती. कोपऱ्यावर वळताना त्यांना जाणवलं की आपण मनातल्या मनात आपलंच बोलणं पुन्हा ऐकतोय, कुठलं वाक्य जास्त लागू पडलं ते चाचपून पाहतोय. तिथंच त्यांचे पाय थांबले. एवढ्या सगळ्या बोलण्यात बारक्याचा उल्लेख एकदाच आला होता, तोही ओझरता. बाकी सगळं 'मी, मी'. पापही माझं, पश्चात्तापही माझा, आणि दोन्ही ऐकण्यासारखे.

घरी बायकोनं ताट वाढलं. "छान बोललात," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, पाणी ठेवता ठेवता, "बारक्या तिथं नव्हता."

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं. ते आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. याआधीची लाज ही चुकीबद्दलची होती, खोटेपणाबद्दलची होती; तिला काही ना काही इलाज दिसत होता. ही लाज वेगळी होती. रडलो तर त्यातही कुणी पाहतंय का ते पाहणार, गुडघे टेकले तर तेही छान टेकणार. देवापुढे ठेवायला एवढ्या वर्षांत जमवलेलं जे काही होतं ते एकेक उलटून पाहिलं तर प्रत्येकाच्या खाली त्यांचंच नाव कोरलेलं. आपल्याला स्वच्छ पश्चात्तापसुद्धा करता येत नाही, हे त्यांना त्या दुपारी कळलं. तारण ही देणगी आहे हे ते सांगत आले होते, पण लाकडाचा सांधा कसा बसतो हे सांगावं तसं. देणगी घ्यायला हात रिकामे लागतात, आणि त्यांचे हात कधी रिकामे नव्हतेच.

सोमवारी सकाळी ते आधी अग्निशमन दलाच्या कचेरीत गेले. अधिकारीबाईंना म्हणाले की चिंध्या मी टाकल्या, मेहुणा तिथं नव्हता, मी तुमच्याशी खोटं बोललो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, जुना मजकूर खोडून नवा लिहिला आणि इथं सही करा म्हणाल्या. पुढच्या वेळी आधीच खरं सांगत जा, आमचा वेळ जातो, एवढं बोलून त्यांनी दुसरं काम हातात घेतलं. कुणी कवटाळलं नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. बाहेर आल्यावर मिस्त्रींना पहिल्यांदाच नीट श्वास घेता आला.

तिथून ते टायरच्या दुकानाकडे गेले. बाजूनं अरुंद जिना होता, रबराच्या वासानं कोंदलेला. अर्ध्या जिन्यात ते थांबले. कठड्याला धरून ते उभे राहिले. काय बोलायचं ते काहीच ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची भीती वाटत होती. "देवा, दया कर," एवढंच तोंडातून आलं. त्याच्यापुढे काही सुचलं नाही. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं, त्या आवाजात ते त्यांचं त्यांनाही धड ऐकू आलं नाही.

दार उघडंच होतं. बारक्या स्टोव्हवर अंडं तळत होता. हातावरचं बँडेज निघालं होतं आणि कातडी गुलाबी, सुरकुतलेली दिसत होती. त्यानं मिस्त्रींना पाहिलं, आणि स्टोव्ह बारीक केला.

"चिंध्या मी टाकल्या होत्या," मिस्त्री दारातूनच म्हणाले.

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी कुलूप तोडलं तेव्हा धूर दारामागून येत होता. तिथं मी कधी चिंध्या टाकत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"केव्हा बोलणार दाजी? आधी तुम्ही मला माफ करून टाकलंत. मग तुम्ही डोळे मिटून बोलत होता."

मिस्त्रींना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांचे गुडघे वाकायला निघाले होते, पण आपण कसे दिसू ते वाकायच्या आधीच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते तसेच अवघडून उभे राहिले. हातांचं काय करावं ते कळेना.

बारक्या स्टोव्हकडे वळून म्हणाला, "त्या रविवारी मी प्यायलो. दीड वर्षानं. तुम्ही पाजली असं म्हणत नाही मी, घेतली मीच. त्यानंतर नाही घेतली. पण तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो."

हे मिस्त्रींच्या हिशेबात कुठेच नव्हतं. कारखाना पुन्हा उभा राहिला असता, पुलपीट दुसरं झालं असतं. हे कशानं भरून निघणार होतं?

"मला माफ कर, बारक्या."

अंड्याची कड करपल्याचा वास सुटला.

"लगेच नाही जमायचं दाजी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? राग आहे माझ्या मनात. रोज सकाळी वाटतं गेला, आणि माल उतरवताना हात दुखला की परत येतो."

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांना परत जायला हवं असं वाटलं, आणि ते वळलेही.

"बसा," बारक्या म्हणाला. "अंडं दोघांत होईल."

खोलीत एकच खुर्ची होती. बारक्यानं ती त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतः खाटेवर बसला. दोघांनी एकाच ताटलीतून करपलेलं अंडं पावाशी खाल्लं. हात धुऊन आल्यावर बारक्यानं उशीखालून बायबल काढलं, छोटं, मऊ पुठ्ठ्याचं. वाचन त्यानं सोडलं नव्हतं. पण अक्षर फार बारीक होतं आणि खोलीत उजेड कमी.

"आजचा भाग वाचता का?" त्यानं विचारलं. "नुसता वाचा. समजावून सांगू नका."

मिस्त्रींनी चष्मा लावला. येशूचा शिष्य पेत्र याचा भाग होता. सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही असं छातीठोकपणे सांगणारा पेत्र, मग येशूला धरून नेल्यावर ते अंगण, ती शेकोटी, आणि मी त्या माणसाला ओळखत नाही हे तीनदा म्हणणं. मिस्त्री वाचत गेले. आवाज आज नेमक्या जागी कापला नाही. भलत्याच ठिकाणी, एका साध्याशा वाक्याच्या मध्येच, तो फाटला आणि मग आलाच नाही. नाक वाहायला लागलं. तोंड वेडंवाकडं झालं. पुस्तक मांडीवर ठेवून ते म्हाताऱ्या बाईसारखे मुसमुसत राहिले, आणि आपण कसे दिसतोय हे त्या वेळी त्यांच्या मनात आलं नाही.

बारक्यानं खुंटीवरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. मग पुस्तक उचललं, खिडकीशी जाऊन डोळ्यांजवळ धरलं आणि राहिलेल्या ओळी अडखळत, बोट लावून, स्वतःच वाचून काढल्या.

मिस्त्रींनी त्या आठवड्यात पाळकांना सांगून वडीलपण सोडलं. यावेळी ते मंडळीपुढे बोलले नाहीत; पाळकांनी जाहीर करू का विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं, आणि लोकांना हळूहळू आपसांतच कळलं. काही जणांना ते आवडलं नाही, काहींनी पाठीमागे नावं ठेवली, आणि ती त्यांच्या कानावरही आली. कारखाना पुन्हा सुरू झाला. बारक्या त्यात परत आला नाही. बहिणीकडे मात्र जेवायला यायला लागला, आधी कधीमधी, मग दर रविवारी. माफ केलं असं तो तोंडानं कधी म्हणाला नाही, आणि मिस्त्रींनीही त्याला पुन्हा विचारलं नाही.

पण त्या दिवशी हे सगळं पुढे होतं. त्या दिवशी मिस्त्री टॉवेल घडी करून खाटेवर ठेवत उठले आणि चपला घालताना, मान वर न करता म्हणाले, "उद्या येऊ का वाचायला?"

"उद्या दुपारपाळी आहे," बारक्या म्हणाला. "परवा या."